अंतर किती आणि भरवसा किती? उपकरण-ते-उपकरण स्थाननिश्चितीचा संक्षिप्त इतिहास

प्रस्तावना

३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत कोणी अडकले असावे या समजाने अग्निशमन दलाचे जवान आत शिरले. त्यांपैकी दोघे धुरात वाट चुकले. त्यांनी वायरलेसवरून मदत मागितली. आवाज बाहेर पोहोचला, पण ते नेमके कुठे आहेत हे कळेना. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी चौघेही परतले नाहीत. एकूण सहा जवानांचा मृत्यू झाला. पुढे त्याच शहरातील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये इमारतीच्या आतील जवानांचे स्थान शोधण्यावर संशोधन हाती घेतले गेले.

उपग्रह दिसत नाही आणि टॉवरचा आधार नाही, अशा ठिकाणी दोन उपकरणांनी परस्परांच्या मदतीने स्थान कसे ठरवावे, हा या पाठाचा प्रश्न आहे. या विषयाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. नुसते अंतर कळवून भागत नाही. त्या अंतरावर किती भरवसा ठेवावा, हेही कळवावे लागते.

१. मोजणीचे तत्त्व आणि तिची अडचण

रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते. पहिले उपकरण संदेश पाठवते आणि दुसरे उत्तर देते. एकूण वेळेतून उत्तर देण्यास लागलेला वेळ वजा करून उरलेल्याचे निम्मे केले की एका बाजूचा प्रवासकाळ मिळतो. या पद्धतीत दोन्ही घड्याळे एकाच वेळेला लावलेली असण्याची गरज नसते. विमानांतील डीएमई हे अंतरमापक याच तत्त्वावर चालते.

इमारतीत मात्र सरळ येणारी लहर भिंतीमुळे क्षीण होते आणि परावर्तित लहर जोरदार असू शकते. परावर्तित लहरीचा मार्ग नेहमीच लांब असतो, म्हणून तिच्यावरून काढलेले अंतर वाढीव येते. प्रवासकाळात १० नॅनोसेकंदांची चूक झाली तर अंतरात ३ मीटरची चूक होते. म्हणजेच, सिग्नल जोरदार आहे म्हणून मोजमाप बरोबर आहे, असे म्हणता येत नाही.

२. भरवशाचा आकडा संदेशात येतो

मोजमापासोबत त्याचा दर्जा कळवण्याची कल्पना जीपीएसमध्ये आधीपासून होती. १९९५ मध्ये पूर्ण कार्यान्वित झालेल्या या प्रणालीत उपग्रहाच्या संदेशात अंतराची अपेक्षित अचूकता सांगणारा निर्देशांक असतो. पण तो उपग्रहाच्या बाजूच्या चुकांपुरताच आहे. ग्राहकाजवळच्या भिंतीची उपग्रहाला कल्पना नसते.

२००२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने अल्ट्रा-वाइडबँड तंत्राच्या वापरास परवानगी दिली. सुमारे ५०० मेगाहर्ट्झ वा त्याहून रुंद पट्टा वापरल्याने स्पंद इतके आखूड होतात की सरळ आणि परावर्तित लहर वेगळी ओळखणे सोपे जाते. २००७ च्या आयईईई ८०२.१५.४ए या मानकाने पुढचे पाऊल टाकले. त्यात वेळेच्या मोजमापासोबत गुणवत्तेचा आकडा देण्याची सोय झाली: वेळ कोणत्या मर्यादेत आहे आणि तशी खात्री किती आहे.

३. या आकड्याचा उपयोग

समजा, एकाच अंतराची दोन मोजमापे आली: १२ मीटर (प्रमाण विचलन १) आणि १८ मीटर (प्रमाण विचलन ३). साधी सरासरी १५ मीटर येते. विचलनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार दिल्यास ते १ आणि १/९ होतात, आणि भारित सरासरी १२.६ मीटर येते. संशयास्पद मोजमाप फेकून दिलेले नाही. त्याचे वजन तेवढे कमी केले आहे.

२००९ मध्ये वायमीर्श, लिएन आणि विन यांनी सहकारी स्थाननिश्चितीवर लिहिलेल्या शोधनिबंधात हाच विचार संपूर्ण जाळ्यावर लागू केला. प्रत्येक उपकरण शेजाऱ्याला आपल्या स्थानाच्या अंदाजासोबत त्यातली अनिश्चितताही कळवते.

४. मोबाइल जाळ्यातील प्रवास

थ्रीजीपीपीच्या रिलीज १२ मध्ये (२०१५) फोन-ते-फोन थेट संपर्क आला. त्यामागे आपत्कालीन सेवांची गरज हे मोठे कारण होते. रिलीज १६ मध्ये (२०२०) अशा थेट दुव्यावर ग्राहक उपकरण सिग्नलच्या दर्जाचा फीडबॅक देऊ लागले. पण तो डेटा पाठवण्यासाठी होता. रिलीज १७ मध्ये (२०२२) टॉवरवर आधारित स्थाननिश्चितीत लहर सरळ आली असण्याची शक्यता ० ते १ या मापात कळवता येऊ लागली. रिलीज १८ मध्ये (२०२४) हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. थेट दुव्यासाठी स्वतंत्र स्थाननिश्चिती सिग्नल ठरला आणि मोजमापासोबत त्याची गुणवत्ता कळवण्याची सोय झाली.

५. मर्यादा

प्रत्येक फीडबॅक वेळ आणि बॅटरी खातो. उपकरण हलते असेल तर तो लवकर शिळा होतो. शिवाय, चुकीचे मोजमाप खात्रीने कळवले गेले तर निकाल अधिकच बिघडतो.

सारांश

अचूकतेचा हा इतिहास घड्याळांच्या आणि रुंद पट्ट्यांच्या सुधारणेचा आहे, तसाच आपल्या मोजमापातली शंका इतरांना कळवण्याचाही आहे. धुरात हरवलेल्या माणसाच्या शोधात "इथेच आहे" आणि "बहुधा इथे आहे" यांतला फरक जिवावर बेतू शकतो.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात दुसऱ्या मोजमापाचे प्रमाण विचलन २ असते तर भारित सरासरी किती आली असती?
२. परावर्तनामुळे होणारी चूक एकाच दिशेची असते. मग केवळ भार देऊन ती पूर्ण नाहीशी होईल का? कारण द्या.