वांद्रे : पाखाड्यांपासून पुनर्विकासापर्यंत

१८४५ साली माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडीवर पूल-रस्ता खुला झाला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी त्यासाठी दिलेली १ लाख ५७ हजार रुपयांची देणगी ही त्या काळातील नवलाची गोष्ट ठरली. देणगीसोबत त्यांनी एक अटही घातली होती : या रस्त्यावर सरकारने पथकर घेऊ नये. तोवर मुंबई बेटातून साष्टीत जायचे म्हणजे होडीवर आणि भरती-ओहोटीच्या लहरीवर विसंबणे आले. खाडीत होड्या उलटून माणसे बुडत असत. वांद्र्याच्या जमिनीच्या किमतीचा इतिहास लिहायचा झाल्यास तो या रस्त्यापासून सुरू करावा लागतो. बेटापासून काही मिनिटांच्या अंतरावर आणि तरीही बेटाच्या गर्दीबाहेर, हे जे वांद्र्याचे स्थान पुढे दीड शतक विकले गेले, ते निसर्गाने दिलेले नव्हते. ते एका पारशी स्त्रीच्या धर्मादायातून निर्माण झाले होते. १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि १८७६ साली वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. ज्या भूमीवर हे सारे घडले ती मात्र मोकळी नव्हती.

वांद्रे हे मुळात एक गाव नव्हतेच. रानवार, शेर्ली, राजन, पाली, चुईम, वारोडा, कांतवाडी, चिंबई अशा पाखाड्यांचा तो समूह होता. प्रत्येक पाखाडीला तिचा क्रूस, तिची विहीर आणि तिच्यामागे पसरलेली भातखाचरे. समुद्राकडच्या बाजूला कोळी, आत शेती करणारे कुणबी आणि माडांची राखण करणारे भंडारी अशी वस्ती होती. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर या वस्तीतील मोठा भाग ख्रिस्ती झाला. (मराठी वाचकाच्या मनात साष्टी म्हटले की फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ येते, ती साष्टी गोव्यातील. नावाच्या या सारखेपणामुळे ठाण्याकडच्या साष्टीतील ख्रिस्ती मराठी परंपरेकडे आपल्या वाङ्मयेतिहासाचे दुर्लक्षच झाले आहे.) धर्म बदलला, पण जातींची ओळख, शेतीची रीत आणि बोली टिकली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली, आणि राज्यकर्ते असे बदलत असताना पाखाड्यांत मराठीच बोलली जात होती.

या समाजाचे आजचे नाव तुलनेने नवे आहे. रेल्वे, गोदी आणि सरकारी कचेऱ्या यांत नोकऱ्या निघाल्या, तसे गोमंतकातून ख्रिस्ती मोठ्या संख्येने मुंबईस येऊ लागले. त्यांच्यापासून आपण वेगळे आहोत, आपण इंग्रजी अंमलाचे जुने प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी ठसवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, स्थानिक ख्रिस्त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठीभाषक लोकांनी पूर्वेचे नाव घ्यावे याचे कोडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने सुटते. भूमिपुत्र असल्याचा दावा मांडण्यासाठी परक्या कंपनीची आठवण वापरावी लागली, यात वसाहतकाळातील नोकरीच्या बाजाराची सारी तऱ्हा दिसते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्या साथीच्या काळात वांद्र्याच्या गल्लीबोळांत उभारलेले क्रूस आजही दिसतात, आणि त्यांच्यापुढे अजून फुले वाहिली जातात. ज्याला ऐपत होती तो बेटातील दाट वस्ती सोडून खाडीपलीकडे राहायला आला. पाली टेकडीवर इंग्रज आणि पारशी यांचे बंगले झाले, हिल रोडच्या बाजूला पारशी आले आणि त्यांची अग्यारी झाली. स्टेशनाजवळच्या बाजारात मुसलमान व्यापारी होते, जामा मशीद होती. जवळच शहराचा कत्तलखाना होता आणि त्याच्या आधाराने खाटकांची वस्ती वाढली होती. १९७१ साली कत्तलखाना देवनारला गेला. मुंबईच्या उच्चभ्रू उपनगरांचे गोडवे गाणाऱ्या लेखनात कत्तलखान्याचा उल्लेख सहसा येत नाही. परंतु ‘उपनगरांची राणी’ म्हणवणाऱ्या या गावाची अर्धी कमाई बंगल्यांतून आणि अर्धी बाजारातून होत होती, हे विसरून चालत नाही.

घरांच्या प्रश्नाला संस्थात्मक वळण लागले ते सहकारातून. गावदेवीच्या सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. तिच्या पाठोपाठ १९१८ मध्ये साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि वांद्र्यातील शेतांवर रस्ते आखून, भूखंड पाडून टुमदार बंगल्यांची वसाहत उभी राहिली. मध्यमवर्गाने सावकाराच्या दारी न जाता एकमेकांच्या पतीवर घर बांधावे, ही कल्पना उदार होती. तिचे सभासदत्व मात्र समाजापुरते मर्यादित होते. हे केवळ ख्रिस्त्यांचे नव्हे. सारस्वतांचे, पारशांचे, पुढे अनेक जातिजमातींचे सहकार याच पायावर उभे राहिले. आपल्या माणसांत राहण्याची ओढ आणि परक्याला दार बंद ठेवण्याची वृत्ती या एकाच उपविधीच्या दोन बाजू आहेत. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा उपविधी वैध ठरवला. वांद्र्यापुरते पाहिले तर या बंद दाराने एक विपरीत काम केले असे म्हणावे लागते : समाजाबाहेर विक्री अवघड असल्यामुळे बाजारभाव दशकानुदशके रोखला गेला आणि शिक्षक, कारकून, परिचारिका यांना स्टेशनाच्या पश्चिमेला राहता आले. जो नियम आज सर्वांना अन्यायाचा वाटेल, त्याच्याच आडोशाला कमी पगाराची माणसे टिकली.

दुसरा आडोसा भाडेनियंत्रणाचा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. त्याआधी पाखाडीतील घराचा माळा किंवा मागची खोली भाड्याने देणे हे त्या घराचे पेन्शनच असे. बाहेरून चढणारा लाकडी जिना, मंगळुरी कौले, पुढे ओटा अशी त्या घरांची घडणच भाडेकरू ठेवण्यास सोयीची होती. गोव्याहून आलेला खलाशी, मंगळूरचा टंकलेखक, फाळणीनंतर आलेले सिंधी कुटुंब, असे लोक या माळ्यांवर राहिले. वांद्र्याच्या बहुरंगी वस्तीचे खरे कारण औदार्यात शोधण्यापेक्षा या जिन्यांत शोधावे. पुढे रुपया घसरत गेला, भाडे तेवढेच राहिले, पागडीचा व्यवहार रूढ झाला, आणि मालकाला कौले शाकारणेही परवडेनासे झाले. अशी गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात सांगितले. नवा भाडे नियंत्रण कायदा २००० साली अमलात आला. मधल्या अर्धशतकात मालक आणि भाडेकरू दोघेही एका पडक्या घराचे हवालदार होऊन बसले होते. बिल्डर दारात आला तेव्हा दोघांनाही तो तारणहार वाटला, यात आश्चर्य नाही.

१९५० साली वांद्रे मुंबई महानगरपालिकेत विलीन झाले. १९५४ मध्ये मेहबूब स्टुडिओ उभा राहिला आणि पाली टेकडीचे जुने बंगले चित्रपटसृष्टीच्या हाती जाऊ लागले. तथापि वांद्र्याचा कायापालट नटनट्यांनी केला, ही समजूत वरवरची आहे. तो केला नियमावलीने. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपनगरांत चटई क्षेत्र निर्देशांक एक ठेवला, पण हस्तांतरणीय विकास हक्क नावाची नवी वस्तू बाजारात आणली. आरक्षित जागा पालिकेला सोडणाऱ्या मालकास पैशांऐवजी बांधकामाचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने मिळे, आणि तो त्याला दुसरीकडे वापरता किंवा विकता येई. बेट-शहरात निर्माण झालेला हक्क बेटात वापरता येत नसे. तो उत्तरेकडे न्यावा लागे. उत्तरेकडचे पहिले महागडे स्टेशन वांद्रे. अशा रीतीने परळ-दादरची जमीन मोकळी होताना तिची सावली वांद्र्याच्या बंगल्यांवर पडली. एकमजली घर उभे असलेला भूखंड, काही पट्टे वगळता, दोन निर्देशांकाच्या इमारतीस पात्र झाला आणि घरापेक्षा घरावरचे आकाश मोलाचे ठरले.

इंग्रजीत या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांविषयी लिहिताना तो शब्द घडवला. मध्यमवर्ग जुनी घरे विकत घेतो, डागडुजी करतो, आणि हळूहळू मूळ रहिवासी निघून जातात, असे ते चित्र होते. मराठीत त्याला ‘अभिजनीकरण’ म्हणता येईल; पण वांद्र्याला तो शब्द सैल बसतो. लंडनमध्ये घर टिकते आणि माणूस जातो. इथे पुष्कळदा घर जाते आणि माणूस काही काळ टिकतो, नव्या इमारतीत, पूर्वीपेक्षा मोठ्या सदनिकेत. गृहसंस्थेच्या पुनर्विकासासाठी २००९ च्या शासकीय निर्देशांनी तीन चतुर्थांश सभासदांची संमती मागितली होती; २०१९ मध्ये ती अट एक्कावन्न टक्क्यांवर आली. उरलेले एकोणपन्नास बहुधा म्हातारे असतात. त्यांना जागा मिळते, वर ठेवही मिळते; पण उद्वाहने, वाहनतळ आणि पहारेकरी यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनाला झेपत नाही. मुले कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात असतात. काही वर्षांनी सदनिका विकली जाते. हे विस्थापन कोणत्याही नोंदवहीत विस्थापन म्हणून येत नाही, कारण कागदावर ते लाभाचे व्यवहार आहेत.

पाखाड्यांत याहून वेगळे घडले. गावठाणाचे भूखंड लहान, गल्ल्या अरुंद, मिळकतपत्रिकेवर पणजोबाचे नाव आणि वारसांचे जाळे समुद्रापलीकडे पसरलेले. त्यामुळे मोठा बिल्डर तिथे लवकर शिरला नाही. रानवार, चुईम, वारोडा येथील तळमजले उपाहारगृहांना, बुटिकांना, जाहिरात संस्थांना भाड्याने गेले. २०१०च्या दशकात भिंतींवर चित्रे रंगवली गेली आणि शनिवार-रविवारी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. ओटा, कौले, क्रूस या गोष्टी भाड्याच्या दरात मोजल्या जाऊ लागल्या. जिने तेच आहेत. पण त्या माळ्यावर आज खलाशाला किंवा टंकलेखकाला खोली मिळणार नाही. ईस्ट इंडियन लग्नाच्या आदल्या दिवशी घुमटाच्या तालावर विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याची रीत आहे. विहिरी बुजल्यावर ती पार पाडायची तर पाणी दुसरीकडून आणावे लागते. रीत पाळली जाते, गाणी मराठीतच म्हटली जातात. गल्लीत जेवायला आलेल्या तरुण मंडळींना ती मराठी आहे हे बहुधा उमगत नाही, आणि दादर-पुण्याच्या मराठी वाचकालाही ते फारसे ठाऊक नसते.

चिंबईच्या कोळ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची घरे समुद्राला लागून आहेत आणि १९९१ च्या किनारी नियमनाने त्यांचे बांधकाम रोखून धरले. त्याच किनाऱ्यावर २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. घराला मजला चढवण्यास समुद्र आडवा येतो, मात्र सेतूला येत नाही, ही कोळ्यांची तक्रार तर्काला धरूनच आहे.

रेल्वेरुळांच्या पूर्वेला वांद्र्याचे दुसरे शरीर आहे. बेहरामपाड्यातील रहिवाशांनी दलदलीत स्वतःच्या हातांनी भराव घालून वस्ती वसवली. १९९२-९३ च्या दंगलीत तिच्याविषयी काय काय बोलले गेले आणि तिथली माणसे स्वतःविषयी काय सांगत होती, याची नोंद मधुश्री दत्ता यांच्या १९९३ च्या माहितीपटात आहे. पलीकडे मिठी नदीकाठची पाणथळ जमीन १९७७ पासून प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे आली आणि तिथे वांद्रे-कुर्ला संकुल झाले. पश्चिमेच्या पाखाड्यांत जे भाडे चढले, त्याचे एक मोठे कारण पूर्वेच्या या संकुलातील पगार आहेत. आणि याच पूर्वेला, थोड्या अंतरावर, साहित्य सहवास आहे : मराठी लेखकांनी सहकारी तत्त्वावर उभारलेली वसाहत, जिथे विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, रमेश तेंडुलकर आणि हिंदीचे धर्मवीर भारती एकमेकांचे शेजारी होते. प्राध्यापकाच्या पगारातून मुंबईत घर घेता येण्याचा तो काळ होता. मानधनावर जगणारा लेखक आज तिथे नव्याने घर घेऊ शकत नाही.

त्याहीपेक्षा मोठा आकडा शासकीय वसाहतीचा आहे. मंत्रालयातील शिपाई, लिपिक, लघुलेखक, पोलीस यांच्यासाठी बांधलेल्या त्या चाळवजा इमारतींत राज्याच्या प्रत्येक जिल्ह्याची मराठी ऐकू येत असे. वसाहतीची सुमारे तीस एकर जमीन मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी देण्याचे ठरले आणि २०२४ च्या सप्टेंबरात पायाभरणी झाली. त्याच जागेवर मालकीची घरे मिळावीत ही रहिवाशांची मागणी जुनी आहे. निवृत्तीच्या महिन्यात खोलीचा ताबा सोडावा लागतो, आणि सामानाचा टेम्पो बहुधा बदलापूरच्या किंवा विरारच्या दिशेने निघतो.