पिठाच्या ठिपक्यांमागची गोष्ट

मंडळाच्या रविवारच्या फेरीत गेल्या महिन्यात जंगलातल्या पायवाटेवर पांढऱ्या पिठाचे ठिपके दिसले आणि आमच्यात दोन तट पडले. काहींच्या मते कोणाची तरी पिठाची पिशवी फाटली होती. काहींना ती रांगोळीची तयारी वाटली! तेवढ्यात पंधरा-वीस माणसे चिखल उडवीत, 'ऑन ऑन' असे ओरडत आमच्या शेजारून पळत गेली. त्यांत पोट सुटलेले होते, पांढऱ्या केसांचे होते, आणि शेवटची दोघे तर चक्क गप्पा मारीत चालली होती. ही मंडळी कोण, याचा आम्ही शोध घेतला, तो आपल्यालाही आवडेल असे वाटते.

यांना 'हॅश हाऊस हॅरिअर्स' म्हणतात. खेळ इंग्लंडमधल्या शाळांतला, शंभर-दीडशे वर्षांहूनही जुना. एकजण 'ससा' होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे जातो आणि बाकीचे 'शिकारी कुत्रे' होऊन त्याचा माग काढतात. क्लब मात्र इंग्लंडात जन्मला नाही. तो जन्मला मलायात, क्वालालंपूरला, १९३८ साली.

तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या इंग्रज ब्रह्मचाऱ्यांपैकी काहीजण सेलांगोर क्लबच्या खोल्यांत राहत व तिथेच जेवत. रोज तेच बेचव जेवण! 'हॅश' म्हणजे उरल्यासुरल्या मांसाचे तुकडे करून परतलेला पदार्थ, आपल्या फोडणीच्या पोळीचा सातासमुद्रापलीकडचा भाऊ. म्हणून त्या जागेला 'हॅश हाऊस' असे टोपणनाव पडले. अल्बर्ट गिस्पर्ट नावाच्या हिशेबनीसाने चार मित्र जमवून दर सोमवारी संध्याकाळी रबराच्या मळ्यांतून पळायचे ठरवले आणि क्लबला नाव दिले ते या खानावळीचे. घर सोडून खानावळीत जेवलेल्या कोणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

यातली खरी युक्ती सशाची. तो मुद्दाम फसव्या वाटा आखतो, मधेच खूण तोडतो. पुढे धावणारे तरणेताठे चुकीच्या दिशेला जाऊन हात हलवीत परत येतात, तोवर मागचे धापा टाकीत येऊन पोचतात. त्यामुळे वेगवान आणि मंद सगळे साधारण एकाच वेळी मुक्कामाला येतात. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. शेवटी थंड बिअर. १९५० साली सरकारदरबारी नोंद करताना क्लबने आपले उद्देशही तसेच सरळ लिहिले: सभासदांची प्रकृती सुधारणे, शनिवार-रविवारची नशा उतरवणे, चांगली तहान लावून ती बिअरने भागवणे, आणि वयस्कर सभासदांना आपण वाटतो तितके म्हातारे नाही हे पटवणे. (आपल्या मंडळाच्या घटनेचा मसुदा तीन बैठकांत पुरा झाला नाही, हे जाता जाता आठवले.)

गिस्पर्टना हे काहीच पाहायला मिळाले नाही. जपान्यांनी मलाया घेतल्यावर ११ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या लढाईत ते मारले गेले. क्लबला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. १९४६ मध्ये वाचलेले सभासद पुन्हा जमले. युद्धात क्लबचे काय गेले म्हणून सरकारकडे भरपाई मागितली, तर यादीत होते एक पत्र्याचे टब आणि दोन डझन मग. एवढीच इस्टेट!

आमच्या मते क्लब जगभर पसरला तो यामुळेच. इमारत नाही, मुख्य कचेरी नाही, परवानगी कोणाची नाही. बदली होऊन गेलेल्या सभासदाने पिशवीभर पीठ घेतले की नवी शाखा सुरू. १९६२ मध्ये सिंगापूर, १९६३ मध्ये ब्रुनेई, आणि मग बँकवाले, इंजिनियर, सैनिक जिथे जातील तिथे. गोऱ्या साहेबांचा हा खेळ, मलाया १९५७ मध्ये स्वतंत्र झाल्यावर संपायला हवा होता. पण तिथल्या लोकांनीच तो उचलला. आज जगात दोन हजारांच्या आसपास शाखा असल्याचे सांगतात.

सगळेच गोड आहे असे नाही. बायकांना आरंभी मज्जाव होता. १९७० नंतर त्यांचे स्वतंत्र व मिश्र गट निघाले, पण क्वालालंपूरची मूळ शाखा पुरुषांचीच राहिली. गाणी पुष्कळदा अश्लील असतात, आणि न पिणाऱ्याला आग्रह होतो तो आपल्या पंगतीतल्या जिलबीच्या आग्रहाहून कमी नसतो. बऱ्याच गटांत सरबत चालते, लहान मुलांना घेऊन येणारे गटही आहेत. पण आपल्या मुलांना पाठवण्याआधी तो गट कोणता, हे जरूर विचारावे. पिठानेही एकदा घोटाळा केला आहे. २००७ साली अमेरिकेत न्यू हेवनच्या एका दुकानाच्या आवारात पीठ टाकल्यावर विषारी भुकटीच्या संशयाने दुकान रिकामे करण्यात आले आणि पीठ टाकणाऱ्या दोघांवर खटला भरला गेला.

१९७८ मध्ये हाँगकाँगला या सगळ्यांचा पहिला जागतिक मेळावा झाला, आणि तो पुढे दर दोन वर्षांनी नव्या गावी भरू लागला. २००२ सालचा आपल्या गोव्यात होता. देशोदेशींची माणसे तिथल्या लाल मातीत पिठाचे ठिपके शोधीत धावली.

पुढच्या रविवारी आमची फेरी त्याच जंगलात आहे. ठिपके दिसले तर पुसू नयेत, मागून कोणीतरी येत असते.