बांधलेल्या म्हशींचे कुरण

पावसाची पहिली झड येऊन गेली की गोरेगावच्या पूर्वेचा डोंगर आठवडाभरात हिरवा होतो. अशाच एका जूनमध्ये शाळेतली तीस मुले घेऊन मी आरे वसाहतीत गेलो होतो. ‘निसर्ग निरीक्षण’ असे त्या सहलीचे भारदस्त नाव होते. मुलांचे निरीक्षण मात्र डब्यांवर चालले होते. एका गोठ्यापाशी एक मुलगा थबकला आणि म्हणाला, “सर, बाहेर एवढं गवत आहे, मग या म्हशी आत का बांधल्यात?”

मास्तराला उत्तर येत नसले की तो प्रश्न घरी करायला देतो. हा मी स्वतःलाच दिला, आणि तो मला बराच मागे घेऊन गेला.

मुंबईची म्हैस ही मुळात आगगाडीने आलेली पाहुणी. व्यायलेली म्हैस गुजरात-काठेवाडाकडून, दिल्ली-पंजाबाकडून आणायची, भर वस्तीतल्या तबेल्यात बांधायची आणि आठ-दहा महिने पिळून घ्यायची. पुढे ती भाकड होई. पुन्हा गाभण राहून विण्याला दहा महिने लागतात, आणि तोवर शहरातल्या महाग जागेत तिला विकतची वैरण घालणे कोणाला परवडणार? मग ती खाटकाकडे जाई. रेडकू तर त्याआधीच उपासाने मरे. चहात पडणाऱ्या दुधामागे हा हिशेब होता. तबेलेवाला दुष्ट होता असे मला वाटत नाही. त्याच्यापाशी कुरण नव्हते, एवढेच.

दारा खुरोडी या पारशी गृहस्थांनी, मुंबईचे दूध आयुक्त असताना, या दुखण्याचे मूळ बरोबर धरले. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली ती तीन हजारांहून अधिक एकर जमिनीवर. पंडित नेहरू १९५१ मध्ये येथे आले होते. तीसच्या वर युनिटे बांधली गेली आणि एकेका युनिटात सुमारे ५०० म्हशींची सोय झाली. गव्हाणी, पाणी, पक्के रस्ते आणि मध्यवर्ती डेअरी हे सरकारचे. म्हैस मात्र गवळ्याचीच. म्हशीच्या दाट दुधात भुकटी आणि पाणी मिसळून गरिबाला परवडेल असे टोन्ड दूध करण्याची युक्तीही खुरोडींचीच. १९६३ मध्ये त्यांना, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासमवेत, मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे कुरियन घरोघर ठाऊक झाले. खुरोडींचे नाव मात्र आमच्या गोरेगावातही दहा माणसांना विचारावे लागते.

आणि कुरण? इथेच त्या मुलाचे उत्तर होते. एका म्हशीला दिवसाला पंचवीस किलो हिरवी वैरण धरली, तर माझ्या दहावीपुरत्या गणितानेही ५०० म्हशींच्या युनिटाला रोज साडेबारा टन लागते. एवढी जनावरे डोंगरावर मोकळी सोडली असती, तर ओल्या मातीत खुरांनी महिन्याभरात चिखल झाला असता, आणि पुढचे गवत उगवलेच नसते. म्हणून म्हशीने गवताकडे न जाता गवताने म्हशीकडे यायचे, अशी योजना झाली. गोठ्यांचे धुवण उतारावरून सोडायचे, त्यावर पॅरा गवत वाढवायचे, आणि कापून गव्हाणीत टाकायचे. आज ज्या हिरवळीला आपण सरसकट जंगल म्हणतो, तिच्यातला बराच भाग हा असा म्हशीचा शेतमळा होता. अर्थात म्हशींच्या कितीतरी आधीपासून येथे वारल्यांचे पाडे होते. त्यांना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

नंतर १९७७ मध्ये या जमिनीतून चित्रनगरीला तुकडा गेला, मग आणखी कोणाकोणाला. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा मीही माणसांच्या त्या गर्दीत उभा होतो. घोषणा झाडांच्या होत्या, बिबट्याच्याही होत्या. म्हशीची एकही नव्हती, आणि मलाही ते तेव्हा सुचले नाही.

पुढच्या जूनात मी एकटाच त्या गोठ्यावर गेलो. म्हातारा गवळी पेंढ्याची गंजी मोडीत होता. मी म्हटले, “आता हिरवे आले, पेंढा कशाला?”

“मास्तरजी, हा पहिला चारा फसवतो,” तो म्हणाला. कोवळ्या गवतात पाणी फार आणि काडी थोडी. एकदम पोटभर घातले तर शेण पातळ होते, पोट फुगते. दूध वाढल्यासारखे दिसते, पण फॅट उतरते आणि भाव पडतो. म्हणून पंधरा दिवस पेंढ्यात थोडे थोडे मिसळून सवय लावायची. घटसर्पाची लस पावसाआधीच टोचून घ्यायची, गोठ्यातले खड्डे बुजवायचे. नाहीतर खूर सडतात. हे सारे सांगताना त्याचा हात थांबला नव्हता.

कोपऱ्यात एक म्हैस रिकाम्या कासेने उभी होती. मी तिच्याकडे पाहतो आहे हे त्याने पाहिले.

“भाकड आहे. पाच महिने अजून,” तो म्हणाला. “तुमच्या सोसायटीत बांधता का?”

मी हसलो. तो हसला नाही. त्याने हिरव्याची एक पेंडी उचलली, तीतली अर्धी बाजूला काढली, उरलेल्या अर्धीत पेंढा कालवला आणि तिच्यापुढे टाकला.