भरभर वाचण्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका तरुण कवीनं आपल्या पहिल्या संग्रहाचं हस्तलिखित माझ्याकडे आणून दिलं. मी ते एका संध्याकाळी, चहा पिता पिता, तासाभरात वाचून काढलं आणि ‘छान जमलंय’ असं कळवून मोकळा झालो. पुढे तो भेटला तेव्हा त्यानं विचारलं, “सर, आईवरची ती शेवटची कविता ठेवू की काढू?” मला ती कविता आठवेना. संग्रहात आईवर कविता होती, हेसुद्धा आठवेना. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तो काय समजायचं ते समजला.

त्या रात्री मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. बीए करत असताना मी फी भरून भरभर वाचण्याचं एक शिबिर केलं होतं. बोट पानावरून झरझर फिरवायचं, शब्द मनातल्या मनातही उच्चारायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही, असे तिथले नियम होते. ही विद्या आली कुठून, ती खरी किती, हे मी पुढे शोधत गेलो. आज तीच हकिकत सांगतो.

माणूस पूर्वी बहुतेक वेळा मोठ्यानं वाचायचा. आपल्याकडे पोथी लागायची ती तशीच. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. इसवी सन ३८५च्या सुमारास इटलीतल्या मिलान शहरात ऑगस्टिन नावाचा शिक्षक बिशप अँब्रोझ यांच्याकडे जात असे. अँब्रोझ वाचत तेव्हा डोळे पानावर फिरत, पण तोंडातून आवाज येत नसे. ऑगस्टिननं ही गोष्ट आपल्या आत्मकथनात मुद्दाम नोंदवून ठेवली. मुकाट वाचणं तेव्हा अगदीच अज्ञात नव्हतं, पण त्याच्या नजरेत भरण्याइतकं वेगळं होतं. मुकाट वाचण्यात वेग आहे, हे खरंच. २०१९ साली मार्क ब्रिसबर्ट या संशोधकानं अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मिनिटाला मोठ्यानं सरासरी १८३ शब्द वाचतो, तर मनात २३८.

एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहायला सुरुवात केली. पॅरिसमधले नेत्रवैद्य एमिल जाव्हाल आणि त्यांचे सहकारी यांनी १८७९च्या सुमारास दाखवून दिलं, की वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो. एक उडी, मग साधारण पाव सेकंद थांबा, मग पुढची उडी. वाचन होतं ते थांब्यावर. डोळ्याला स्वच्छ दिसणारा भाग अगदी लहान असतो, म्हणून अख्खा परिच्छेद एका नजरेत टिपणं डोळ्याच्या घडणीतच बसत नाही. याच जाव्हालना काचबिंदूनं पुढे पूर्ण अंधत्व आलं. तरी १९०५ साली त्यांनी वाचन आणि लेखनाच्या शरीरशास्त्रावर पुस्तक प्रसिद्ध केलं. वाचणाऱ्या डोळ्यांवर लिहिणाऱ्याचे स्वतःचे डोळे तोवर मिटले होते.

वेगाचं वेड मात्र अमेरिकेतलं. युटा राज्यातल्या शिक्षिका एव्हलिन वूड यांच्या सांगण्यानुसार, त्यांच्या प्राध्यापकानं त्यांचा ८० पानी निबंध दहा मिनिटांच्या आत वाचून हातावेगळा केला आणि त्या चकित झाल्या. असे वाचक शोधून त्यांनी हात फिरवण्याची पद्धत बसवली आणि १९५९ साली वॉशिंग्टनमध्ये वर्ग काढले. मिनिटाला हजारो शब्द वाचता येतील, असा दावा होता. जॉन केनेडी मिनिटाला १२०० शब्द वाचतात, हा बोलबाला त्याच काळातला. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही व्हाइट हाउसमध्ये हा अभ्यासक्रम केला.

लोक का धावले? कारण वाचायचं राहून गेलेल्या कागदांचा ढीग प्रत्येकाच्या टेबलावर होता, आणि तो पाहून मनाला टोचणी लागत होती. ती टोचणी मलाही ठाऊक आहे. फी मी तिच्यासाठीच भरली होती.

पुढे मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी वेगवाचकांची नीट परीक्षा घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात ती आहे. सोप्या मजकुराचा ढोबळ सारांश वेगवाचकांना सांगता आला. पण तपशील विचारले, मजकूर अवघड दिला, की सावकाश वाचणारेच पुढे. आयुष्यभर वाचणाऱ्या डोळ्यांचा अभ्यास केलेले कीथ रेनर २०१५ साली वारले. त्यांचा आणि चार सहकाऱ्यांचा मोठा लेख २०१६ साली आला. त्याचा निष्कर्ष असा, की वेग फार वाढवला तर समज कमी होते. वाचनाला खरी मर्यादा पडते ती डोळ्यामुळे नव्हे, तर शब्द ओळखून अर्थ लावण्याच्या कामामुळे. आणि मनातला तो आवाज, जो आम्हाला शिबिरात दाबायला लावला होता, तो समजायला मदतच करतो. कवितेत तर तो आवाज गेला, की उरतं काय?

मग वेग वाढतच नाही का? वाढतो. शब्दसंग्रह वाढला, विषयाची ओळख झाली, की आपोआप वाढतो. शेतकरी बाजारभावाचं पान झरझर वाचतो, वकील निकालपत्र वाचतो, तसा. वरवर चाळणं हेही वाईट नाही. वर्तमानपत्रात काय वाचायचं आणि काय सोडायचं, हे चाळूनच ठरतं. फक्त चाळल्याला वाचलं म्हणू नये.

आता लक्षात राहण्याविषयी. १९१७ साली आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की नुसतं वाचत बसण्यापेक्षा बराच वेळ पुस्तकातून नजर काढून आठवण्यात घालवला, तर जास्त पाठ होतं. १९४६ साली ओहायोच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी अभ्यासाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: आधी चाळा, प्रश्न काढा, वाचा, न पाहता सांगा, उजळणी करा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर दोन रीती पडताळून पाहिल्या. एका रीतीत उतारा दोनदा वाचायचा. दुसऱ्या रीतीत एकदा वाचून, मग न पाहता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेलं जास्त आठवलं. आठवड्यानं मात्र त्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के.

हे वाचताना मला आमच्या मोहल्ल्यातला मक्तब आठवला. हाफिजजी नवा सबक देण्याआधी आमोख्ता, म्हणजे मागचा धडा, ऐकायचे. किताब मिटून, रोज. स्मरणाचं हे तंत्र त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेनं शिकवलं नव्हतं. पण खरं सांगायचं, तर आम्हा पोरांना अरबीचा अर्थ कळत नव्हता. तिथे पाठ होतं, समज नव्हती. शिबिरात वेग होता, पाठही नव्हतं आणि समजही नव्हती. दोन्हींतून मी एकच शिकलो. वाचून झालं, की पान मिटायचं आणि स्वतःला विचारायचं, काय सांगितलं? सांगता आलं नाही, तर वाचन अजून व्हायचंय.

त्या तरुण कवीचा संग्रह छापून आला. आईवरची कविता त्यात नव्हती. माझ्या गुळमुळीत उत्तराचा त्यानं तसा अर्थ घेतला होता. मी ती त्याच्याकडून मागून घेतली आणि आवाज काढून वाचली. चौदा ओळी आहेत. वाचायला मिनिटभर लागतं. आता ती मला पाठ आहे, पुस्तकात मात्र नाही.