पर्जन्यवृक्षाखाली तीन वादक : ताकेमित्सू यांची ‘रेन ट्री’

पाऊस थांबल्यानंतरही एखाद्या मोठ्या झाडाखाली बराच वेळ थेंब पडत राहतात. आकाश निवळलेले असते, रस्ता सुकू लागलेला असतो, आणि झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मात्र टपटप चालूच असते. हा साधा अनुभव जपानमध्ये आधी एका कथेत आला आणि कथेतून तालवाद्यांच्या रचनेत उतरला. ‘रेन ट्री’ ही तोरू ताकेमित्सू (१९३०–१९९६) यांची १९८१ मधील रचना तीन वादकांसाठी आहे. ती सुमारे बारा मिनिटे चालते. निसर्ग आणि साहित्य यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या आधुनिक तालवाद्यरचनांमध्ये तिचे स्थान वरचे आहे.

कथा केन्झाबुरो ओए यांची. पुढे १९९४ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या लेखकाने १९८० मध्ये हवाईच्या पार्श्वभूमीवर एक कथा लिहिली. रात्रीच्या एका मेजवानीत निवेदकाला अंगणातील झाडाविषयी सांगितले जाते. रात्री सर आली की या झाडाची असंख्य बारीक पाने पाणी धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपार उलटेपर्यंत ते थेंबाथेंबाने खाली सोडतात. इतर झाडे केव्हाच कोरडी झालेली असतात. म्हणून हे झाड ‘शहाणे’. निवेदकाला ते झाड धड दिसत मात्र नाही. समोर असतो तो दाट काळोख. झाडाची ओळख डोळ्यांना होत नाही, ऐकलेल्या वर्णनातूनच होते. एखाद्या संगीतकाराचे लक्ष या कथेकडे जावे, यात नवल नाही.

हे झाड मराठी वाचकाला अनोळखी नाही. मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील असलेले हे झाड एकोणिसाव्या शतकात आशियात आले आणि सावलीसाठी सर्वत्र लावले गेले. मुंबईचे जुने रस्ते, गावोगावच्या कचेऱ्यांची आवारे येथे छत्रीसारखा पसरलेला हा पर्जन्यवृक्ष, अर्थात विलायती शिरीष, उभा असतो. गेल्या दशकात मुंबईतील अशी अनेक झाडे पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळली. त्याच्या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. पर्णिका संध्याकाळी आणि आभाळ भरून आले की मिटतात, त्यामुळे पाऊस सरळ जमिनीवर पोहोचतो, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे कमी काव्यात्म आहे. झाडाचा रस शोषणारे कीटक जे द्रव टाकतात, त्याचीच ही बरसात, असे रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने पेरूमध्ये पाहिले होते. ओए यांचे पाणी साठवणारे झाड या दोन्हींशी जुळत नाही, आणि कथेचे त्यात काही बिघडतही नाही.

ताकेमित्सूंनी योजलेली वाद्ये मोजकी आहेत. दोन वादकांकडे मरिंबा, तिसऱ्याकडे व्हायब्राफोन, आणि तिघांकडेही क्रोटाल, म्हणजे निश्चित स्वरात लावलेल्या धातूच्या लहान जाड चकत्या. क्रोटाल आपल्या टाळांच्या कुळातील आहेत. मरिंबाच्या लाकडी पट्ट्यांचा नाद ओळखायचा तर काष्ठतरंग आठवावा, पण मरिंबाचा आवाज अधिक खोल व गोल असतो, कारण पट्ट्यांखालील नळ्या तो घुमवतात. मरिंबा हे ग्वातेमालाचे राष्ट्रीय वाद्य. झाड आणि वाद्य दोन्ही मध्य अमेरिकेच्या मुलखाशी बांधलेली असणे हा योगायोगच म्हणावा लागेल.

रचनेच्या आरंभी क्रोटालचे सुटे स्वर येतात. एक इकडून, एक तिकडून, मध्ये बरीच शांतता. हळूहळू थेंब दाट होतात, व्हायब्राफोनचा लांबणारा नाद त्यांना कवेत घेतो आणि मग दोन मरिंबांचे द्वंद्व सुरू होते. जुगलबंदीची सवय असलेल्या कानाला येथे थोडे अडखळायला होते. सवाल-जवाब नाही, तिहाई नाही, समेवर भेटण्याची ओढ नाही. दोघांच्या लयी एकमेकींत अशा गुंफल्या जातात की कोणता स्वर कोणाचा हे सांगता येत नाही. पानांवरून गळणाऱ्या पाण्याला सम नसते. शेवटी गर्दी ओसरते आणि पुन्हा क्रोटालचे विरळ स्वर उरतात.

संहितेत प्रकाशयोजनाही लिहिलेली आहे. रंगमंच अंधारात असतो आणि वादकांवर वरून स्वतंत्र झोत सोडले जातात, विझवले जातात. केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याच्या हातून हा भाग निसटतो. कथेतील काळोख ताकेमित्सूंनी स्वरांइतकाच गंभीरपणे घेतला होता, हे प्रयोग पाहताना कळते.

पाऊस वाजवून दाखवणे हा रचनेचा हेतू नाही. तसे असते तर ती दोन मिनिटांत संपली असती. पाण्याचा प्रत्यक्ष आवाज ताकेमित्सूंनी १९६० मध्येच ध्वनिफितीवर ‘वॉटर म्यूझिक’मध्ये वापरून पाहिला होता. ‘रेन ट्री’त लक्ष आहे ते दोन थेंबांमधील अवकाशावर. जपानी सौंदर्यविचारात या भरलेल्या रिकामेपणाला ‘मा’ म्हणतात. बहुतांशी स्वशिक्षित असलेल्या, तारुण्यात पाश्चात्त्य संगीताकडे ओढल्या गेलेल्या या संगीतकाराला जपानी परंपरेची किंमत बऱ्याच उशिरा उमगली. १९६७ च्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’मध्ये बिवा आणि शाकुहाची ही वाद्ये त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी केली. ‘रेन ट्री’त एकही जपानी वाद्य नाही, तरी तिची जातकुळी लपत नाही.

कवितेशीही त्यांचा संबंध जुना. १९७४ मध्ये मरिंबा व वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेला त्यांनी ‘गीतिमाल्य’ हे नाव दिले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या काव्यसंग्रहाचे हेच नाव आहे. पाच तालवादक आणि वाद्यवृंदासाठीच्या १९९० मधील रचनेचे शीर्षक माकोतो ओओका यांच्या कवितेतून घेतलेले आहे.

कथा आणि संगीत यांचा हा व्यवहार एकतर्फी राहिला नाही. ‘रेन ट्री’ ऐकल्यानंतर ओए त्याच झाडाकडे परतले. १९८२ मध्ये त्यांचा ‘पर्जन्यवृक्ष ऐकणाऱ्या स्त्रिया’ अशा अर्थाच्या नावाचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि आपल्या कथेवर बेतलेले हे संगीत त्यात कथेचा भाग होऊन आले. त्याच वर्षी ताकेमित्सूंनी पियानोसाठी ‘रेन ट्री स्केच’ लिहिली. दहा वर्षांनी फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसिआं यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ ते पुन्हा याच झाडाखाली आले. १९९२ ची ‘रेन ट्री स्केच २’ ही त्यांची पियानोसाठीची अखेरची रचना ठरली.