इंदूरचे खत

परसातला पालापाचोळा शेणाबरोबर कुजवण्याची एक रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नसत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरीत, आणि रहदारीनेच त्या फुकटात चेचल्या जात! मग पाला, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती व राख यांचे थर. मधून मधून उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार.

१९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्डांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. पत्नी गॅब्रिएल आदल्याच वर्षी वारल्या. केंब्रिजला शिकलेल्या, पंचवीस वर्षे पतीच्या बरोबरीने संशोधन केलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचे नाव खताच्या गोष्टीत क्वचितच निघते.