चेकलिस्ट, घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमधील

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या ठरावीक टप्प्यांवर वाचली जाणारी तपासणीची यादी घरच्या संगणकावर विमान उडवतानाही पाळण्याची पद्धत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि मोफत मिळणारा फ्लाइटगिअर हे त्यासाठीचे प्रचलित प्रोग्राम आहेत. एअरबस ए-320 आणि बोइंग 737 यांच्या चांगल्या प्रतिकृतींत जवळजवळ प्रत्येक बटण चालते. त्यामुळे खऱ्या विमानाची यादी तिथे लागू पडते.

चेकलिस्टचा उगम एका अपघातात आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल 299 हे बॉम्बर चाचणी-उड्डाणात कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहिले होते. यंत्रात दोष नव्हता. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाच्या टप्प्यांनुसार याद्या केल्या, आणि तेच विमान पुढे बी-17 म्हणून गाजले.

घरी विमान उडवणारे नवशिके यादी एकेक ओळ वाचत बटणे दाबतात. ही पद्धत चुकीची आहे. प्रवासी विमानात वैमानिक आधी पॅनेलवरून ठरलेल्या क्रमाने हात फिरवून सगळी मांडणी पाठ केल्याप्रमाणे करतो. याला ‘फ्लो’ म्हणतात. यादी त्यानंतर येते, ती झालेले काम पडताळण्यासाठी. म्हणूनच ती आखूड असते. 737च्या लँडिंग चेकलिस्टमध्ये इंजिन स्टार्ट स्विच, स्पीडब्रेक, लँडिंग गिअर आणि फ्लॅप एवढ्याच गोष्टी आहेत. एक वैमानिक बाब पुकारतो, दुसरा प्रत्यक्ष पाहून स्थिती सांगतो. घरी दुसरा वैमानिक नसतो. अशा वेळी बाब मोठ्याने वाचावी, नजर त्या स्विचवर न्यावी आणि दिसते तेच उच्चारावे. बाबी आपोआप पूर्ण करून देण्याची सोय मात्र बंद ठेवावी. ती चालू असली की पडताळणी उरतच नाही.

एक ओळ सुटली तर काय होते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. 20 सप्टेंबर 2018 रोजी जेट एअरवेजचे मुंबई-जयपूर विमान उड्डाणानंतर परत फिरवावे लागले. इंजिनांतून केबिनकडे दाबाची हवा नेणारे ब्लीड स्विच चालू करायचे राहिले होते आणि सुमारे 30 प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले. 737च्या उड्डाणोत्तर चेकलिस्टची पहिलीच ओळ ‘इंजिन ब्लीड’ ही आहे. सिम्युलेटरमध्ये हाच प्रसंग आणता येतो. कानाला दडा बसत नाही, पण केबिनची उंची दाखवणारा काटा चढत जातो आणि 10,000 फुटांवर इशाऱ्याचा भोंगा वाजतो.

अशा सरावासाठी मार्ग निवडताना भिलाईचे उदाहरण घेता येते. भिलाईजवळ नंदिनी येथे धावपट्टी आहे, पण शहराचा प्रवासी विमानतळ म्हणजे रायपूरचा माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ. तिथून नागपूर सरळ पश्चिमेला सुमारे 280 किलोमीटर आहे, आणि या रेषेवर भिलाईचा पोलाद कारखाना विमान अजून वर चढत असतानाच खाली येतो. सरावाला हा मार्ग फार चांगला आहे. अंतर कमी असल्याने स्थिर उड्डाणाची मिनिटे थोडी उरतात. उड्डाणोत्तर यादी संपते न संपते तोच नागपूरच्या उतरणीची तयारी करावी लागते. हवेचा स्थानिक दाब, केबिन प्रेशरसाठी विमानतळाची उंची, ऑटोब्रेक हे सारे हाताशी हवे. फ्लो पाठ नसेल तर ते इथे लगेच उघडे पडते. दोन्ही विमानतळ समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून थोडे उंच आहेत, त्यामुळे अल्टिमीटरवर शून्याची वाट पाहणारा चकतो.

बिघाडाच्या याद्या वेगळ्या असतात. तिथे वाचूनच कृती करायची असते. फक्त मोजक्या तातडीच्या कृती पाठ असाव्या लागतात. 737मध्ये या याद्या छापील पुस्तिकेत असतात, तर ए-320मध्ये बहुतेक पडद्यावर येतात. परवान्यासाठी लागणाऱ्या तासांत घरचा सराव धरला जात नाही. गोंदियाजवळ बिरसी येथील प्रशिक्षण संस्थेत जाऊ इच्छिणाऱ्याला त्याचा उपयोग होतो तो शिस्तीपुरता, आणि तो कमी नाही.